सतरा नावं, एक रेघ

१

सावळहळ्ळीच्या पारापाशी जीप आली तेव्हा विमलबाई दीड तासापासून तयार बसली होती. मांडीवर पिशवी. पिशवीत एक लुगडं, फणी, स्टीलचं ताट आणि डोळ्याला पाणी लागू नये म्हणून डोक्याला बांधायचा धुतलेला पंचा. तिचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेला होता. उजव्यात मोतीबिंदू इतका पिकला होता की समोरचा माणूस तिला आवाजावरून नि सावलीवरून ओळखावा लागे. पंधरा दिवसांपूर्वी तपासणीला आलेल्या डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं होतं नि म्हटलं होतं, "आजी, आता उशीर करू नका. हा आत फुगला तर डोळ्यामागची नस मरते. मग कोणालाच काही करता येत नाही."

डिसेंबर २००७ मधला तो सोमवार. बसवकल्याणला नेत्रशिबिर लागलं होतं, मोठ्या शहरातले सर्जन बुधवारी दुपारपर्यंत तिथे राहणार होते, आणि पाच गावांतून निवडलेल्या लोकांना न्यायला पाच जीपा सुटल्या होत्या.

शिबिर भरवणाऱ्या संस्थेचा कारकून अनिलकुमार खाली उतरला. त्याने खिशातून कागद काढला आणि नावं वाचायला सुरुवात केली. नाव आलं की माणूस उठायचा आणि जीपकडे जायचा. हरिबा उठला. राजूबाई उठली. चोवीस नावं झाली. अनिलकुमारने कागदाची घडी केली.

पारावर सतरा माणसं तशीच बसून होती.

"माझं राहिलं की रं," विमलबाई म्हणाली. "विमलबाई पिराजी. नीट बघ."

"बघितलं मावशी. न्हाई."

"डॉक्टर व्हय म्हणला हुता."

"डॉक्टर म्हणला असंल. कागद न्हाई म्हणायलाय."

धनगरांचा लिंगाप्पा काठी टेकत पुढे आला. "आन माझं? अनिल, मी तुझ्या बायकोचा मामा हाय रे."

"मामा, तुमचंबी न्हाई."

"मग घरी जाऊन तिला सांग. ती तुला जेवाया घालती का बघू."

दोघं-चौघं हसले, पण वस्तीतलं कोणी हसलं नाही. वस्ती म्हणजे गावाच्या दक्षिणेची बौद्धांची घरं. राहिलेल्या सतरांत सोळा माणसं तिथलीच होती, आणि ते मोजायला कोणाला वेळ लागला नव्हता.

"नळाचं भांडण विसरला न्हाईस तू," मागून कोणीतरी म्हणालं.

दोन वर्षांपूर्वी वस्तीला नळ द्यायचा ठराव आला तेव्हा पंचायतीत उभा राहून 'गावालाच पाणी पुरंना' म्हणणारा माणूस अनिलकुमार होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. तो फक्त म्हणाला, "चला, उशीर व्हायलाय."

प्रियंका हे सगळं शाळेच्या भिंतीला टेकून पाहत होती. ती वस्तीतलीच. उदगीरच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली, आता बी.एड.च्या जागेची वाट पाहत घरी बसलेली. तपासणीच्या वेळी गावातले बहुतेक फॉर्म तिनेच भरले होते, आणि सवयीने प्रत्येकाची नोंद आपल्या वहीतही ठेवली होती. तिने वही उघडली. सावळहळ्ळीतून डॉक्टरने निवडलेले एक्केचाळीस. वाचलेली नावं चोवीस.

विमलबाई तिची लांबची मोठीमाय, म्हणजे थोरली चुलती. प्रियंकाने तिच्या हातातली पिशवी घेतली नि खाली ठेवली.

"मोठीमाय, मी जाऊन येते. बुधवारपर्यंत डॉक्टर हायत."

"जा," विमलबाई म्हणाली. "पिशवी राहू दे तशीच. सोडू नको."

नावं का गेली ते सापडलं, तर ती परत येतील, असं प्रियंकाला वाटलं. ती जीपमध्ये चढली.

२

जीप मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्याला लागली. अनिलकुमार पुढच्या सीटवर मांडीवर फाइल घेऊन डिझेलची पावती भरत होता. मागे चोवीस म्हातारेकोतारे एकमेकांच्या गुडघ्यांत गुडघे अडकवून बसले होते.

"अनिलअण्णा," प्रियंका म्हणाली, "एक विचारू?"

"इचार. सगळं गाव इचारायलंय."

"यादी तुम्ही केली?"

"मी यादी वाचतो, बाई. करत न्हाई." तो मागे वळला. "ऐक. तुझे फॉर्म, माझे फॉर्म, सगळे एकशे सेहेचाळीस मी गठ्ठा बांधून जिल्ह्याच्या ऑफिसात दिले. तिथं टायपिस्टनं टाइप केलं. ते पेन ड्राइव्हवर बसवकल्याणला आलं. तिथं कॉम्प्युटर क्लासची पोरगी हाय, भाग्यलक्ष्मी. तिनं गावावार यादी काढून दिली. पाच गावं, पाच कागद. माझ्या हातात आलं ते हे."

"आणि मधे कुठे तुम्ही..."

"मी नळाच्या वेळी बोललो, खरं हाय. पाणी कमी हुतं म्हणून बोललो. पण डोळ्याचं?" त्याने पावतीवर सही केली आणि सहीच्या वरच्या दोन रिकाम्या ओळींवर पेनाने आडवी रेघ ओढली. "बरं, मी वस्तीवाल्यांची नावं उडवली म्हण. मग लिंगाप्पामामाचं कामून उडवलं? आज माझ्या घरी काय व्हणार हाय, तुला ठाऊक न्हाई."

हे मात्र खरं होतं. लिंगाप्पा सतरांतला सतरावा होता, आणि तो वस्तीच्या हिशेबात बसत नव्हता. प्रियंकाला प्रयोगशाळेतलं आठवलं. सोळा बिंदू एका रेषेत आणि एक बाहेर. मुलं त्या एकाला 'चूक' म्हणून खोडत. सर म्हणत, आधी त्याच्याकडेच बघा.

"ही रेघ कशाला?" तिने सहज विचारलं.

"रिकामी जागा सोडली की मागून कुणीतरी त्यात काहीतरी भरतंय. आमच्या जुन्या साहेबानं लावलेली सवय. पंधरा वर्षं झाली, आता हात आपोआप जातो. बायको म्हणती, पंचमीच्या रांगोळीतबी रेघा मारशील."

बसवकल्याणला उतरल्यावर त्याने स्वतःहून कपाट उघडलं. तपासणीचे मूळ फॉर्म जिल्ह्याहून परत आले होते. सतरा फॉर्म बाहेर काढायला अर्धा तास लागला. प्रत्येकावर डॉक्टरची लाल खूण होती. निवड झाली होती. म्हणजे नावं फॉर्मपासून यादीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी गळाली होती.

अनिलकुमारने सतरा फॉर्म टेबलावर पत्त्यांसारखे पसरले. बराच वेळ पाहिले. मग एकदम हळू आवाजात म्हणाला,

"प्रियंका. हे सतराच्या सतरा तुझ्या हातचे हायत."

३

तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. अक्षर तिचंच होतं.

गावातल्या एक्केचाळीस फॉर्मांपैकी तिने तेहेतीस भरले होते. पहिल्या दिवशीचे आठ अनिलकुमारने. त्याच्या आठांपैकी एकही गळाला नव्हता. तिच्या तेहेतीसांपैकी सतरा गळाले होते. दारात उभ्या असलेल्या शिपायानेही ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत शिबिरात बोलणं सुरू झालं की पोरीनेच काहीतरी घोळ घातला आणि आता अण्णावर ढकलायला आली आहे.

मंगळवारी सकाळी ती राजूबाईच्या खाटेशी गेली. आदल्या दुपारीच तिचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसरा बंद. राजूबाई वस्तीतली, आणि तरीही यादीत. पारावर मागे राहिलेल्या बायका तिच्याबद्दल काय बोलल्या ते जीपमध्येच तिच्या कानावर आलं होतं.

"मी कुणाला पैका दिला न्हाई," ती आधीच म्हणाली.

"काकू, तसं न्हाई म्हणत मी. तुमचा फॉर्म मीच भरला. मला फक्त आठवून सांगा, मी काय काय विचारलं."

"नाव इचारलं. मालकाचं नाव. मग आडनाव. मी सावळकर सांगितलं."

"वस्तीत कुणालाच आडनाव न्हाई की."

"आमच्यात पोरानं आणलं. पुण्याला कारखान्याच्या गेटवर इचारलं, आडनाव काय. न्हाई म्हणला तर आत सोडंनात. मग गावाचं अर्धं नाव जोडून सांगितलं." राजूबाईने पट्टीवर हात ठेवला. "पिराजीभाऊंना कळलं तवा सहा महिने बोलले न्हाईत माझ्या पोराशी."

विमलबाईचा नवरा पिराजी. त्याची ती गोष्ट वस्तीत सगळ्यांना पाठ होती. थोरल्या मुलाला शाळेत घालायला गेला तेव्हा हेडमास्तरने आडनाव विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता, गाव त्या घरांना जे म्हणून हाक मारायचं ते जातीचं नावच लिहायला घेतलं. पिराजीने टेबलावर हात ठेवला. 'ते नाव आम्ही घेतलेलं न्हाई. गावानं दिलंय. ते टाकलं तवाच टाकलं. तो रकाना रिकामा सोडा.' मास्तरने सोडला. तेव्हापासून वस्तीत रीत पडली. रेशन कार्ड असो, दाखला असो, आडनावाचा रकाना रिकामा. पिराजीला जाऊन नऊ वर्षं झाली होती, रीत राहिली होती. प्रियंकाच्या पदवीच्या कागदावरही दोनच नावं होती.

ती उठली आणि गठ्ठ्याकडे परत गेली. आता तिला कुठे बघायचं ते कळलं होतं.

सतराही फॉर्मांवर आडनावाचा रकाना कोरा होता. सोळा वस्तीचे. सतरावा लिंगाप्पाचा, त्याला तिने विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "आडनाव कशाला? लिंगाप्पा म्हणलं की चार गावची कुत्री वळखतात." तिने कोरा सोडला होता. प्रयोगशाळेचा नियमही तोच होता. जी नोंद घेतली नाही तिच्या जागी शून्य नाही, अंदाज नाही, काही नाही.

तिने बाकीचे फॉर्म एकेक करून पाहिले. यादीत आलेल्यांपैकी एकाचाही तो रकाना कोरा नव्हता.

फक्त हरिबा अडला. हरिबा वस्तीतला, त्यालाही आडनाव नाही, तरी तो यादीत होता. तिने त्याचा फॉर्म वर काढला. तो अनिलकुमारच्या हातचा. आडनावाच्या रकान्यात निळ्या शाईची एक आडवी रेघ होती.

मग तिच्या मनात जे आलं ते तिला आवडलं नाही. या भागात कोरं आडनाव म्हणजे कोण, हे ज्याला माहीत आहे अशा कोणीतरी बसून, निवडून, कोऱ्या रकान्याची माणसं काढली असतील तर? लिंगाप्पा त्यांच्या ओघात गेला असेल. आणि हरिबा एका रेघेमुळे सुटला असेल.

ती कॉम्प्युटर क्लासला पोहोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. लाइट गेली होती. दारावर चिठ्ठी होती: उद्या सकाळी अकरा.

४

बुधवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना प्रियंका त्या जिन्यावर बसलेली होती. खाली कापडाचं दुकान, वर क्लास. भाग्यलक्ष्मी आली तेव्हा तिच्या हातात चाव्या आणि डबा होता. बावीस-तेवीस वर्षांची, कानात लहान कुड्या, बोलताना अर्धं वाक्य कानडीत जाऊन परत येणारी.

"अक्का, ते सावळहळ्ळीचं ना? अनिलअण्णा काल फोनवर बोलले. मी कुणाचं नाव काढलं न्हाई. आईची शपथ."

"शपथ नको. फाइल दाखव."

पहिली फाइल जिल्ह्याच्या टायपिस्टची होती. साधा मजकूर, एकेका माणसाची एकेक ओळ, मधे स्वल्पविराम. प्रियंकाने ओळी मोजल्या नाहीत. शेवटच्या ओळीचा क्रमांकच पाहिला. एकशे सेहेचाळीस. त्र्याण्णव्या ओळीत विमलबाई होती.

म्हणजे टायपिस्टने कोणाला वगळलं नव्हतं.

"आता तुझी फाइल."

भाग्यलक्ष्मीने आपली फाइल उघडली. तोच मजकूर, आता नीट उभ्या रकान्यांत बसवलेला: क्रमांक, नाव, वडील किंवा नवरा, आडनाव, गाव, डोळा. खाली खाली सरकत ती शेवटाला आली. तिथेही क्रमांक एकशे सेहेचाळीस होता.



"बघा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "सगळे हायत. मी काढलं न्हाई."

नाव कोणीच काढलेलं नव्हतं. अनिलकुमारने नाही, टायपिस्टने नाही, हिनेही नाही. तरी सतरा माणसं पारावर बसून राहिली होती. प्रियंका त्र्याण्णव्या ओळीवर आली. बोट पडद्यावर टेकवून तिने ओळ डावीकडून उजवीकडे वाचली, आणि पाचव्या रकान्याशी तिचं बोट थांबलं.

विमलबाई तिथे होती. फक्त सावळहळ्ळीत नव्हती. तिच्या गावाच्या रकान्यात लिहिलं होतं: राइट.

५

"हा मजकूर तू रकान्यांत कसा फोडलास? मला करून दाखव. अगदी जसं केलं तसं."

भाग्यलक्ष्मीने मूळ मजकूर नव्या पानावर चिकटवला. सगळं एकाच रकान्यात दाटलं. तिने 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडलं. विचारलं गेलं, कुठे तोडायचं? तिने स्वल्पविरामावर खूण केली. आणि मग हात न थांबवता, शेजारच्या एका चौकोनावरही.

"ते काय केलंस?"

"ते? ते आम्ही कायम करतो." तिने भिंतीला टांगलेली जुनी वही काढून दाखवली. क्लासमध्ये शिकवलेलं पहिलं काम: शाळेची हजेरी, नावांच्या मधे कुठे एक स्पेस, कुठे तीन. ती खूण केली नाही तर मधे फुकटचे रिकामे रकाने पडत. म्हणून वहीत लाल शाईने लिहिलं होतं: खूण नेहमी करणे.

चौकोनाशेजारी इंग्रजीत एक बारीक ओळ होती. तिचा अर्थ एवढाच की लागोपाठ आलेली चिन्हं एकच समजा.

प्रियंकाने मूळ मजकुरातली विमलबाईची ओळ पुन्हा पाहिली. विमलबाई, स्वल्पविराम, पिराजी, आणि मग दोन स्वल्पविराम एकमेकांना चिकटलेले. त्या दोघांच्या मधे आडनावाची कोरी जागा होती. टायपिस्टने ती इमानाने ठेवली होती, जशी प्रियंकाने फॉर्मवर ठेवली होती. आणि यंत्राला सांगितलं गेलं होतं की दोन म्हणजे एकच.

"परीक्षेत एक पोरगा गैरहजर असला," प्रियंका म्हणाली, जणू स्वतःलाच समजावत होती, "तर त्याचा बाक रिकामा ठेवतात. मागच्यांनी पुढं सरकायचं न्हाई. इथं सगळे एकेक बाक पुढं सरकले. गाव आडनावाच्या जागी बसलं. डोळा गावाच्या जागी बसला."

मग हरिबाची ओळ. दोन स्वल्पविरामांच्या मधे एक आडवी रेघ. तेवढ्या एका रेघेने बाक धरून ठेवला होता.

भाग्यलक्ष्मीने सावकाश गावाच्या रकान्यावरचा बाण दाबला. त्या रकान्यात जेवढी वेगवेगळी नावं होती तेवढी खाली उलगडली. पाच गावं. आणि पाचांच्या मधे मिसळलेली आणखी दोन: लेफ्ट, राइट.

"एकेक गाव निवडून मी छापलं," ती म्हणाली. "हे दोन दिसले हुते मला. वाटलं, डॉक्टरचं काहीतरी असंल. पाचच गावं सांगितली हुती, पाच छापली." ती खुर्चीवर बसली. "अक्का, मला काढतील का?"

प्रियंकाने ती खूण काढली आणि मजकूर पुन्हा फोडला. या वेळी सतरा ओळींत आडनावाचा रकाना कोरा राहिला आणि त्याच्या उजवीकडे सगळं जागच्या जागी बसलं. सावळहळ्ळी निवडली. एक्केचाळीस.

कागद छापून ती धावत शिबिरात आली. साडेबारा झाले होते. मांडवाच्या कडेला सर्जनांची गाडी उभी होती आणि तिच्यात पेट्या चढवल्या जात होत्या. अनिलकुमारने तिचं म्हणणं उभ्याउभ्या ऐकलं, एकदाही न अडवता. मग तिचा कागद घेऊन तो मुख्य डॉक्टरांकडे गेला. ती बाहेरून पाहत होती. तो हात जोडत होता. नळाच्या ठरावाच्या दिवशी ज्या हाताने त्याने टेबल बडवलं होतं, तोच हात.

तो परत आला तेव्हा कागद घडी केलेला होता.

"डोळ्यात बसवायची भिंगं यादीवरून मागवली हुती. यादीत एकशे एकोणतीस. तेवढीच आली. शेवटचं आज सकाळी बसलं."

"एक तरी? मोठीमायचा एकच डोळा..."

"सांगितलं. डॉक्टर म्हणले, भिंगाबिगर उघडून काय करू? माझ्या हातात असतं तर न्हाई म्हणलो असतो का?" त्याने कागद तिला दिला. "पुढल्या वर्षी पयला नंबर लावतो म्हणले."

एकशे सेहेचाळीस वजा एकशे एकोणतीस. तिने वजाबाकी करून पाहिली. उत्तर बरोबर आलं.

६

दुसऱ्या मोठ्या शहरातल्या दवाखान्यात विमलबाईला उन्हाळ्यानंतरची तारीख मिळाली. शिमग्याच्या पंधरा दिवस आधी तिचं कपाळ दुखू लागलं. दोन दिवस उलट्या झाल्या, डोळा लाल झाला, आणि दुखणं थांबलं तेव्हा सावल्याही थांबल्या. नेऊन दाखवलं. डॉक्टरने बॅटरी मारली, बुबुळ हललं नाही. नस मेली, असं त्यांनी सांगितलं. आता पुढच्या शिबिराचाही उपयोग नव्हता.

प्रियंकाने काय शोधलं ते वस्तीत कोणाला पटलं नाही.

"मशीन चुकलं म्हणती. मशीनला बरी आमचीच सोळा घरं घावली."

"मी सतरावा हाय की," लिंगाप्पा पारावरून म्हणाला.

"तुम्ही चुकून, अप्पा."

"मी जल्मालाच चुकून आलोय. इचारा आमच्या सूनबाईला."

अनिलकुमारकडे कोणी पाहत नव्हतं. त्यानेही स्वतःची बाजू मांडली नाही. मार्च संपताना तो वस्तीत आला, पहिल्यांदाच, आणि प्रियंकाच्या हातात कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा देऊन उभा राहिला. "पुढल्या वर्षीचे. आत्ताच भरून ठेव. सोळा हायत."

"सतरा पाहिजेत," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, विमलबाईचा आता लागणार नव्हता.

"रकाना सोडू नको," जाताना तो म्हणाला. "रेघ मार."

दुपारी ती विमलबाईच्या उंबऱ्यावर बसून फॉर्म भरत होती. विमलबाई आत भिंतीला पाठ लावून बसली होती. तिची पिशवी खुंटीला तशीच होती, ताट आणि फणी आत. प्रियंका नाव लिहायची, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव लिहायची, आणि तिसऱ्या चौकोनात पट्टी ठेवून एक आडवी रेघ ओढायची.

"काय कराय लागलीस? खर्र खर्र वाजायलंय."

"फॉर्म भरायले, मोठीमाय."

"मधीच काय ओढतीस?"

तिला सांगायचं होतंच. डिसेंबरपासून ती ते सांगण्याचं टाळत होती. तिने पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. शाळेतल्या मास्तरपासून. रकाना, दोन स्वल्पविराम, पुढे सरकलेले बाक, हरिबाच्या फॉर्मवरची रेघ. काही लपवलं नाही. रकाना आपणच कोरा सोडला, हेही. पिराजीबाबांचा शब्द होता म्हणून, आणि जे नाही ते लिहायचं नाही असं शिकवलं होतं म्हणून.

विमलबाईने शेवटपर्यंत ऐकलं. मान प्रियंकाच्या आवाजाच्या थोडी डावीकडे वळलेली होती.

"म्हणजे कुणी मुद्दाम केलं न्हाई."

"न्हाई."

"अनिलनंबी न्हाई."

"न्हाई."

"ते गावानं दिलेलं नाव लिव्हलं असतं, तर यादीत आलं असतं माझं?"

"आलं असतं."

"राजूबाईवाणी कायबी लिव्हलं असतं, तरी?"

"तरी आलं असतं. नुसती रेघ मारली असती तरी."

बाहेर कोणाची तरी कोंबडी उंबऱ्यापर्यंत आली नि परत गेली. विमलबाईने पदराने कोरडे डोळे पुसले, दोन्ही, सवयीने.

"मग लिव्हायचं हुतं की गं," ती म्हणाली.

"मोठीमाय, बाबांनी त्या नावासाठी..."

"नाव त्येंचं हुतं, पोरी. डोळा माझा हुता. मला इचारायचं हुतंस."

प्रियंकाने पेन उचललं, गठ्ठ्यातला पुढचा फॉर्म घेतला, तिसऱ्या चौकोनावर पट्टी ठेवली, आणि आत ऐकू जाऊ नये इतक्या हळू रेघ ओढली.